भोंगेवाल्यांच्या घरून

४ फेब्रुवारी

ठोंब्या,

बाजाराचा मोठा रस्ता सोमवारपासून गटाराच्या कामासाठी बंद आहे. पाणी एक दिवसाआड झालंय. वाचनालय आता संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं राहणार, कारण परीक्षेची पोरं बाहेर पायऱ्यांवर दिव्याखाली बसायला लागली आणि पालिकेची लाज निघाली. भटक्या कुत्र्यांना लस टोचणारी गाडी पुढच्या आठवड्यात आपल्या गल्लीत येईल. ती यायची असली की कुत्री नेमकी कुठे गायब होतात, हे शोधायला पालिकेकडे वेगळा विभाग नाही.

तुला या बातम्यांशी काय देणंघेणं, हे मला कळतं. शहर सोडून तू डोंगरात बोगदा खणायला गेलास, त्याला आता चौथं वर्ष. पण पालिकेचं शहरपत्रक दर गुरुवारी माझ्या टेबलावरून निघतं, आणि लिहायला बसलं की हात आधी तिकडेच वळतो. साऱ्या शहराला काय सांगायचं ते मला सुचतं. घरातली एक गोष्ट तुला सांगायची, तर सकाळपासून कागद फाडतेय.

आता एक घाव दोन तुकडे करते. बाबांच्या घशात गाठ निघालीय. वाईट गाठ. ऑपरेशन करून स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार. मार्चअखेरची तारीख मिळालीय. जिवाला धोका नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्या उगाच गोड बोलणाऱ्यातल्या वाटत नाहीत. आवाज मात्र जाणार. पुढे एखादं यंत्र गळ्याला लावून थोडंफार बोलता येतं म्हणे, पण तो बाबांचा आवाज नसेल.

घसा दिवाळीपासूनच बसला होता. आम्ही धुळीवर ढकललं. स्पीकरच्या गाडीत बसून सगळी हयात गल्लोगल्ली सूचना वाचण्यात गेली, त्या माणसाचा घसा कधीतरी बसणारच, असं मीही धरून चालले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा बाबा मान हलवत होते. बाहेर आल्यावर जिन्यात थांबले आणि म्हणाले, "ऑफिसात सांग, गाडीवर दुसरा माणूस बघा."

तुझ्या त्या बोगद्यापाशी फोन लागत नाही, आणि खालच्या गावातला कुठला नंबरही तू आम्हाला कळवलेला नाहीस. कंपनीचा ट्रक आठवड्यातून एकदा टपाल घेऊन वर येतो, असं तुझ्या सासूबाईंकडून कळलं. म्हणून हे पत्र. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. आता मागते. त्यांना आवाज आहे तोवर ये. येणं जमत नसेल तर खाली गावात उतरशील तेव्हा कुठल्याही दुकानातून फोन कर. बाबांचा नंबर तोच आहे. भांडलास तरी चालेल. पण एकदा त्यांच्याशी बोल आणि त्यांना बोलू दे. मार्च संपला की हे राहून जाईल, आणि ते राहून गेलेलं मला बघवणार नाही.

ताई

१३ फेब्रुवारी

ठोंब्या,

उत्तर नाही. मी ट्रकवर खापर फोडते, तेवढाच मनाला आधार.

आमच्याकडची मोठी बातमी ही, की स्पीकरची गाडी बंद होणार. पुढच्या आठवड्यात शेवटची फेरी. त्यानंतर पाणी कधी जाणार, रस्ता कुठला बंद, कर कधी भरायचा, हे सगळं लोकांच्या फोनवर जाईल. तशी बातमी मीच पत्रकात लिहिली आणि 'नागरिकांची सोय' असे शब्द घातले. गाडीचा ड्रायव्हर, आपला टायर, त्याला आता कचऱ्याच्या गाडीवर पाठवतायत. म्हणाला, "ताई, तिथे निदान कुणी खिडकीतून डोकावून मला 'हळू बोला' म्हणणार नाही." त्याचं पोट तू पाहिलं होतंस तेवढंच आहे, वाढायला जागाच उरली नव्हती.

बाबांना बोलणं कमी करायला सांगितलंय. ते कमी काय करणार? घरात त्यांनी सूचनांशिवाय कधी काही उच्चारलं? परवा जेवताना खरखरत्या आवाजात म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी." मला हसू आलं आणि लगेच उठून आत जावं लागलं.

तुझ्यासाठी दोन वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून ठेवूया, असं मी सुचवून पाहिलं. माझ्याकडे असं बघितलं की मी फोन पिशवीत टाकला. "मी काय नाटकातला नट आहे? तो समोर आला तर बोलेन." हे त्यांचे शब्द. मी पदरचं काही घातलेलं नाही. समोर आलास तर बोलतील, एवढं तरी यातून तुला दिसतंय ना?

तू म्हणशील, त्या दिवशी मी समोरच होतो की. होतास. पण तू गाडीच्या पुढे उभा होतास आणि मी मागच्या सीटवर हँडबिलांचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसले होते, म्हणून माझ्या बाजूनं कसं दिसलं ते आज लिहून टाकते. 

बाबांची रीत तुला माहीत आहे. बाकीचे चालत्या गाडीतून वाचतात आणि मोकळे होतात. बाबा प्रत्येक वळणावर गाडी थांबवायचे, इंजिन बंद करायला लावायचे, सूचना दोनदा वाचायचे, आणि मग माइकच्या बटणावरचा अंगठा काढून तसेच बसून राहायचे. कुणाला काही विचारायचं असेल म्हणून. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हातारी माणसं, पाणी भरणाऱ्या बायका, रिक्षावाले येऊन विचारायचे, दाखला कुठला लागेल, रांग कुठे लागेल. आणि बाबांकडे उत्तर असायचं, कारण सकाळी निघण्याआधी ते सगळ्या खात्यांची दारं ठोठावून लोक काय काय विचारतील ते विचारून यायचे. "आजवर मला कुणी असं विचारलं नाही, ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं," हे वाक्य आपण जेवणाबरोबर किती वेळा ऐकलं असेल.

त्या दिवशी नदीकाठची वस्ती उठवायची सूचना होती. नदीला भिंत बांधायची म्हणून. तुझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि तुझी सासुरवाडी त्याच गल्लीत. तुझ्या सासूबाई दारात भांडी घासत होत्या, त्यांचे हात राखेचे होते. बाबांनी दोनदा वाचलं. अंगठा काढला. बसले. कुणीच पुढे येईना. मग तू आलास. मला वाटलं होतं तू ओरडशील, पण तू साधं विचारलंस, "या माणसांनी जायचं कुठे?"

आणि बाबांनी माइक उचलला आणि सूचना पहिल्यापासून वाचायला घेतली.

तू म्हणालास, "बाबा, मी तुम्हाला विचारतोय. पालिकेला नाही विचारत." त्यांनी कागदावरून नजर काढली नाही. पूर्ण वाचली. तू गाडीच्या बॉनेटवर हात आपटलास आणि गेलास, तो आजवर. त्यांनी टायरला गाडी काढायला सांगितली. मी त्यांची बाजू घेत नाही. मीही घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले होते. पण मागून मला एक दिसत होतं, जे तुला पुढून दिसलं नसेल. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि कॉलर भिजली होती.

फोन कर रे.

ताई

२० फेब्रुवारी

ठोंब्या,

आज बातम्यांनी सुरुवात करते ती सवयीनं नव्हे. नव्या वसाहतीला नळ आले. तुझ्या सासूबाई आणि नदीकाठची सगळी माणसं अखेर जिथे नेऊन टाकली, ती शहराबाहेरची दोन खोल्यांच्या चाळींची रांग. तू ती पाहिलेलीच नाहीस. आजवर तिथे टँकर यायचा. उद्या सकाळपासून नळ सुरू, आणि ही सूचना वसाहतीत जाऊन वाचणं ही स्पीकरच्या गाडीची शेवटची फेरी ठरली. मला पत्रकासाठी फोटो काढायचे होते, म्हणून मी गाडीत होते.

वाचायला एका नव्या मुलाला नेमलं होतं. सकाळी गाडी निघताना बाबा फाटकात उभे. इस्त्रीचा शर्ट घातलेला. साहेब म्हणाले, "अहो, डॉक्टरांनी मना केलंय ना तुम्हाला?" बाबांनी त्या मुलाच्या हातातून कागद घेतला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. टायरनं कुणाची वाट न बघता गाडी काढली. त्याला साहेबांच्या बोलण्यापेक्षा बाबांच्या मानेचा इशारा जास्त कळतो.

वसाहतीच्या मधोमध, जिथे टँकरची रांग लागते तिथे, गाडी थांबवली. बाबांनी वाचलं. ऐकवत नव्हतं, ठोंब्या. निम्मे शब्द हवेत जात होते. पाणी येणार ही बातमी, आणि ती सांगणाऱ्याच्या घशात एक थेंब शिल्लक नसल्यासारखं वाटत होतं. तरी दोनदा वाचलं. बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या राहिल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढी वर्षं वाट बघून कोण वाजवतं? पण एकमेकींकडे बघून हसल्या.

मग ते बसून राहिले, नेहमीसारखे. आणि तुझ्या सासूबाई आल्या. त्या दिवसानंतर त्या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांचा फटकळपणा वसाहतीत येऊनही तिळभर कमी झालेला नाही. काचेवर टकटक करून म्हणाल्या, "भोंगेवाले, घसा कुठे हरवून आलात?"

बाबा म्हणाले, "गेला."

"पाणी येणार ते कळलं. आणखी काही सांगायचंय का?"

बाबांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "तुमच्या जावयानं मला एक विचारलं होतं. या माणसांनी जायचं कुठे. मला ठाऊक नव्हतं."

त्यांचा आवाज दोन ठिकाणांहून येत होता, आतून आणि गाडीच्या छपरावरून. अंगठा बटणावरच होता. टायरनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी काही केलं नाही. आता टायर म्हणतो, विसरले असतील. बटण सोडायला ते आजवर कधी विसरलेले मला आठवत नाहीत, पण मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

"सकाळी मी ऑफिसात सगळ्यांना विचारलं होतं. साहेबांनी हात झटकले. कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या गल्लीसमोर, पोराच्या तोंडावर, मला ठाऊक नाही असं म्हणायची लाज वाटली. म्हणून परत कागद वाचला."

सगळी वसाहत ऐकत होती. गॅलऱ्यांत माणसं उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं रेडिओ बंद केला.

तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "हे मला काय सांगता? त्याला सांगा."

"तो येत नाही."

"बोलावलंत का?"

"कुठल्या तोंडानं बोलावू?"

"आहे त्याच तोंडानं," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मला वाटलं संपलं. पण त्या तांब्या-भांडं घेऊन परत आल्या. टँकरचंच पाणी, गाळून घेतलेलं. बाबांना गिळताना त्रास होतो, एक भांडं संपवायला खूप वेळ लागला. त्या संपेपर्यंत काचेपाशी उभ्या राहिल्या, भांडं परत घेतलं आणि म्हणाल्या, "मी पण लिहिते पोरीला."

घरी येताना बाबा म्हणाले, "त्याला पत्र लिहितेस ना तू?" मी हो म्हटलं. "लिही," म्हणाले. काय लिही, ते सांगितलं नाही. म्हणून जसं झालं तसं लिहिलंय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला मिळालं, फार उशिरा आणि साऱ्या वसाहतीच्या देखत मिळालं. आता फोन करायला तुझं कुठे घोडं अडलंय?

ताई

२३ फेब्रुवारी

घाईत लिहितेय. काल दुपारपासून बाबांना श्वास अडकायला लागला. आता दवाखान्यात आहोत. गाठ वाढलीय, मार्चअखेरपर्यंत थांबता येणार नाही. ऑपरेशन उद्या सकाळी.

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही, हे मला लिहितानाच कळतंय. पाणी बंद होण्याची वेळ अर्ध्या तासानं बदलली तर मी ती सगळ्या शहराला कळवू शकते. तुला कळवायला माझ्याकडे हा कागद आणि तो ट्रक. तुझ्या सासूबाईंना विचारलं, त्यांच्याकडेही तोच पत्ता आहे. तुझ्या कंपनीच्या ऑफिसात फोन लावला, तिथल्या बाईंनी तुझा कामगार क्रमांक विचारला. मला तुझा क्रमांक माहीत नाही. तुझा लहानपणी कुठला दात आधी पडला ते माहीत आहे.

बाबा जागे आहेत. बोलू नका म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, काही सांगायचंय का त्याला? त्यांनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही म्हणाले की आत्ता नको म्हणाले, ते मला कळलं नाही.

ताई

७ मार्च

ठोंब्या,

बाबा घरी आलेत. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरीणबाई म्हणतात तब्येत काटक आहे.

आत नेताना त्यांचे शेवटचे शब्द काय होते, ते तुला कधीतरी विचारावंसं वाटेल, म्हणून सांगून ठेवते. स्ट्रेचरवरून माझा हात धरला. मी खाली वाकले. म्हणाले, "निघताना गॅस बंद केलास ना?" मी केला होता. मी हो म्हटलं, आणि दार लागलं. तेव्हापासून मी रोज निघताना गॅस बघते, परत येऊन बघते. ऑफिसात पोचायला उशीर होतो आणि साहेबांना कारण सांगता येत नाही.

गळ्याच्या खाली एक भोक आहे. आता श्वास तिथून. त्यावर जाळीचा पातळ रुमाल बांधतात. जेवण अजून नळीतून. शेजारच्या काकू दुपारी येऊन बघून जातात. लिहायला मी वही आणली होती, ती नको म्हणाले, म्हणजे ढकलून दिली. कागद वाया जातो. शाळेतली पाटी आणि खडू आणून दिला. आता दिवसभर पाटी मांडीवर. पहिल्याच दिवशी लिहिलं, 'दूधवाल्याचा हिशेब तपास.' मी म्हटलं, तुमच्या सूचना काही थांबत नाहीत. हसले. हसताना आवाज येत नाही, खांदे हलतात. बघायची सवय व्हायला वेळ लागेल.

ओठ मात्र चालू असतात. पाटी घ्यायच्या आधी ओठ हलवतात, मग आठवतं. पुन्हा पुन्हा हे होतं. मी पाहिलं नाही असं करते.

तुझा फोन नाही, पत्र नाही. मला तुझा राग येतो, हे लपवत नाही. मूग गिळून बसायची ही तुझी रीत बाबांचीच आहे, आणि मी त्या दोन मुगांच्या मध्ये गेली चार वर्षं एकटी बडबडतेय. येत्या पत्रकात वृक्षगणनेची माहिती आहे. आपल्या गल्लीतलं वठलेलं झाड त्यांनी 'सुस्थितीत' म्हणून मोजलंय. मी तसंच छापणार आहे. भांडायला माझ्यात त्राण नाही.

ताई

१२ मार्च

ठोंब्या,

आज एकही बातमी देत नाही. हे पत्र कंपनीच्या पत्त्यावर पाठवलेलं नाही. ज्या दुकानातून तू काल फोन केलास, त्याच्या मालकाच्या पत्त्यावर पाठवलंय. मी संध्याकाळी त्या नंबरवर उलट फोन लावला, तेव्हा तू जीपनं वर निघून गेला होतास. मालक भला माणूस वाटला. त्याच्याकडूनच कळलं की तुमचा टपालाचा ट्रक दोन आठवडे मोडून पडलाय आणि पत्रं खाली गोदामात साठलीत. म्हणजे २३ तारखेचं आणि त्यानंतरचं माझं पत्र तुला मिळालेलंच नाही. तुझ्या लेखी ऑपरेशन अजून मार्चअखेरच आहे. मी त्याला निरोप द्यायचा प्रयत्न केला, पण दुकानात गिऱ्हाइकं होती आणि हे असं ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, पत्र पाठवा, मी जीपवाल्याबरोबर त्यांच्या हातात पोचवतो.

तर नीट वाच. बाबांचं ऑपरेशन २४ फेब्रुवारीलाच झालं. ते बरे आहेत. त्यांना आवाज नाही.

काल मी ऑफिसातून आले तर ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. फोन मांडीवर, पाटी खाली पडलेली, खडूचे दोन तुकडे. काकू येऊन गेल्या होत्या, म्हणाल्या दुपारपासून असेच बसलेत, नळीतून काही देऊ देत नाहीत. मी पाटी उचलून दिली. पाटीवर एका वेळी एखादंच वाक्य मावतं, म्हणून ते लिहायचे, मी वाचायची, ते बाहीनं पुसायचे आणि पुढचं लिहायचे. तू काय काय बोललास ते सगळं त्यांनी मला तसं लिहून दाखवलं. त्यांना ऐकलेलं पाठ राहतं, तुला माहीत आहे.

तू म्हणालास, बाबा, मी बोलतोय.

मग थांबलास. मग म्हणालास, ताईचं पत्र मिळालं, वसाहतीतलं कळलं. परत थांबलास. मग म्हणालास, मी रजा टाकलीय, वीस तारखेला निघतो, ऑपरेशनच्या आधी पोचतो. येऊ ना?

आणि मग, बाबा, ऐकताय ना?

आणि बऱ्याच वेळानं, बरं, नसेल बोलायचं तर राहू दे. रजा काय, रद्दही करता येते.

एवढं लिहून झाल्यावर त्यांनी पाटी उलटी ठेवली. मी विचारलं, तुम्ही उचललात तरी का? मी आल्यावर लावला असता ना परत. त्यांनी पाटी सरळ केली आणि लिहिलं, 'तो असेल असं वाटलं.'

तुझ्यावर मी चिडले नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते. चार वर्षांनी मन घट्ट करून फोन करावा, आणि समोरच्यानं उचलून एक अक्षर बोलू नये. तू परत एकदा बॉनेटवर हात आपटून निघून गेलास, असंच मला ऐकताना वाटलं. पण आता मला सांग, फोनमध्ये तुला खरखर ऐकू आली असेल. कुणी फुंकर मारावी तशी, थांबून थांबून. दुकानदाराला तू म्हणालास म्हणे की लाइन खराब आहे. लाइन खराब नव्हती. ते बाबा होते. जोर करून बोलायला गेलं की त्यांच्या गळ्याच्या भोकातून हवा तशी बाहेर पडते. डॉक्टरीणबाईंनी जोर करायला सक्त मना केलंय. रुमालाला रक्ताचा डाग पडला होता, मी तो रात्री धुऊन टाकला. आज त्यांना दाखवून आणलं, काळजीचं काही नाही.

मी विचारलं, मग तुम्ही काय बोलायला गेलात?

पाटी पुसली. खडूचा बारका तुकडा उरला होता, नीट धरता येत नव्हता. लिहिलं, 'मी ये म्हणालो.'

मी मान हलवली. त्यांना वाटलं मी नीट वाचलं नाही. तेच वाक्य न पुसता त्याच्याखाली, कडेला उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं, 'त्याला ऐकू गेलं नाही.'

ताई